उगले साहेबांची गाडी

कालव्याच्या भरावावर गाडी चढवली आणि मळगंगेच्या देवळाच्या अलीकडंच तिनं दम टाकला. एकदम नाही. आधी एक ठसका, मग जरा सावरली, मग दोन-चार आचके देऊन गप्प. मी क्लच दाबून, होती त्या वेगात तिला बाभळीच्या सावलीपर्यंत आणलं आणि स्टँडवर घेतलं.

उसाची बैलगाडी हाकत एक जण मागून आला. "साहेब, धक्का देऊ का?"

"नको," मी म्हणालो. "या गाडीला धक्का लागत नाही."

तो हसला की काय, मला दिसलं नाही. बैलगाडी कुरकुरत पुढं गेली.

मी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला आणि टाकीचं झाकण काढून आत बघितलं. पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. झाकण परत बसवलं. सीटखालून पाने काढले, खाली टॉवेल अंथरला आणि कार्बोरेटर सोडवला. वाटी उघडली तर आत थेंबभरसुद्धा पेट्रोल नाही. म्हणजे टाकीत आहे आणि खाली उतरत नाही. जेट काढून उजेडात धरलं. केसाएवढं भोक असतं त्याला, पण मला ते लख्ख दिसायचं. त्यातून फुंकर मारली. सुई पुसली, तरंगता फ्लोट हलवून बघितला, सगळं जागच्या जागी बसवलं, कॉक उघडला. किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू.

"बघ," मी गाडीलाच म्हणालो. "कचरा होता तुझ्या घशात."

पण त्यात समाधान नव्हतं. कारण हे परवाही झालं होतं, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातही. दर वेळी मी कार्बोरेटर साफ करायचो, दर वेळी गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची आणि काही मैल गेलं की पुन्हा तेच.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गाडी पुढं कुणाकडं गेली तेही मला ठाऊक नाही. पण तेव्हा कोळगावात उगले साहेब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं आधी गाडी यायची, मग मी. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून मी उभी हयात नोकरी केली. साडेतीनशे सीसीची ती जुनी मोटरसायकल खात्यानं मोडीत काढली, तेव्हा मीच लिलावात घेतली, घरी नेऊन नट न् नट सुटा केला आणि पुन्हा उभी केली. मेकॅनिकचा हात म्हणून तिला कधी लागू दिला नाही. रिटायर झाल्यावर रोज सकाळी शेतावर आणि संध्याकाळी बाजारपेठेतून एक चक्कर, हा माझा नेम होता. तिचा आवाज लांबून ओळखू यायचा. तो आला की पेठेतले लोक बाजूला व्हायचे. पानवाला फळीवरून खाली उतरायचा, बाया पोरांना जवळ ओढून ओट्यावर चढायच्या, हातगाडीवाला गाडी मागं घ्यायचा. नोकरी गेली तरी मान गेला नाही, असं मला वाटायचं. कुणाला सांगितलं नाही कधी, पण छाती जरा पुढं यायची हे खरं.

घरी आलो तर कौसल्या, माझी बायको, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"आज उशीर झाला," ती म्हणाली.

"बंद पडली पुन्हा."

तिनं मान वर केली नाही. "मग आता नका ना नेऊ लांब. शेतावर एसटी जाते की."

"एसटीनं जायला मी काय म्हातारा झालो?"

मी आत जायला वळलो आणि डाव्या पायानं पाण्याची घागर लवंडली. सगळा ओटा ओला झाला.

"वाटेत कशाला ठेवतेस ग!" मी ओरडलो.

"चुकलं," ती म्हणाली आणि फडकं आणायला उठली.

एक सांगायला हवं. त्या दिवसांत कौसल्याला गाडीचं प्रेम अचानक फुटलं होतं. पूर्वी ती माझ्या मागं बसून सगळीकडं यायची, लग्नाला, बाजाराला, माहेरी. पण होळीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही पेठेतून येत होतो, ती एकदम ओरडली, "थांबा, थांबा!" मी थांबलो तोवर पेठ मागं पडली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, चप्पल पडली, तुम्ही व्हा पुढं, मी घेऊन येते. त्या दिवशी ती बऱ्याच वेळानं घरी आली. त्यानंतर माझ्या मागं बसेनाशी झाली. कंबर दुखते म्हणायची. मात्र रोज सकाळी मी अंघोळीला गेलो की ओलं फडकं घेऊन गाडी पुसायची. टाकी, दिवा, हँडल, सगळं लखलखीत. आपण बसत नाही म्हणून निदान सेवा करते, असं मी मनाशी धरलं होतं.

दोन दिवसांनी शेतावरून येताना गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी मी टाकीत डोकावून, मग पेट्रोलचा कॉक सोडून त्याची जाळी बघितली. स्वच्छ. नळी काढून फुंकली. मोकळी. कार्बोरेटर तर आता तोंडपाठ झाला होता. गाडीत दोष नाही म्हटल्यावर राहिलं काय? पेट्रोल. मला एकदम उजेड पडला. भेसळ! मी रिकाम्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून घेतलं आणि गाडी थेट गावाबाहेरच्या पंपावर घातली.

पंपावर बाळू वाघचौरे होता. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. माझ्या गाडीत कायम तोच पेट्रोल भरायचा. त्या दिवशी बाजार होता, पंपावर गर्दी. ट्रॅक्टरवाले, मोटरसायकलवाले, एक जीप. मी बाटली वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला.

"बाळू, यात काय मिसळतोस?"

तो नळी हातात धरूनच वळला. "काय म्हणालात साहेब?"

"रॉकेल मिसळतोस की पाणी? महिना झाला, माझी गाडी रस्त्यात बंद पडतेय. गाडी माझ्या हातातली आहे, तिच्यात दोष नाही. दोष यात आहे."

लोक जमले. बाळूनं केबिनमधून पांढरा कागद आणला, त्यावर नळीतून पेट्रोलचा थेंब सोडला आणि माझ्यापुढं धरला. थेंब उडून गेला. कागदावर डाग राहिला नाही.

"बघा. भेसळ असती तर डाग पडला असता."

"मला शिकवतोस? कागदही तुझाच, थेंबही तुझाच."

कुणीतरी फिदकन हसलं. बाळूचा चेहरा काळवंडला. नळी त्यानं जागेवर अडकवली, पण ती नीट बसली नाही, दोनदा घसरली.

"साहेब," तो म्हणाला, "पेट्रोल चांगलं आहे. तुमची गाडीही चांगली आहे. बाकीचं माझ्या तोंडून नका काढू. घरी विचारा."

"घरी? घरी काय विचारू? बायको गाडी दुरुस्त करते काय माझी?"

आता सगळेच हसले. बाळू नाही हसला. तो माझ्याकडं असा बघत राहिला की मला त्याचा जास्तच राग आला.

"उद्या तहसीलला जातो," मी म्हणालो. "पुरवठा अधिकारी येऊन तुझं पेट्रोल तपासेल, मग बोल तू."

घरी येऊन मी हे सगळं कौसल्याला मोठ्या रंगात सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं मध्येच थांबलं.

"बाळूला बोललात? चार लोकांत?"

"मग काय आरती ओवाळू?"

"अहो, त्याला नका हो काही करू. पाया पडते तुमच्या."

"तुझा काय संबंध?"

तव्यावरची पोळी करपली, तेव्हा ती भानावर आली.

सकाळी मी तहसीलला निघालो. कौसल्यानं गाडी पुसून ठेवलीच होती. दारात उभी राहून ती म्हणाली, "आज नका जाऊ." मी किक मारली. पुढं काही बोलली असेल तर आवाजात बुडालं.

साखर कारखान्याच्या फाट्याच्या पुढं गाडीनं ठसका दिला. मग आचके. मग गप्प. ऊन कडक होतं, आसपास झाड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुन्हा तो कार्बोरेटर सोडायची मला शिसारी आली होती. मी सवयीनं टाकीचं झाकण फिरवलं. ते सुटताना बारीकसा आवाज झाला. फुस्स. उलट्या श्वासासारखा. बाहेरची हवा आत गेली.

तो आवाज मी आधीही ऐकला असणार. पण त्या दिवशी मी पाने काढले नाहीत. झाकण तसंच सैल ठेवलं, थोडा वेळ थांबलो आणि कार्बोरेटरला बोटही न लावता किक मारली. गाडी सुरू झाली.

मी ती बंद केली आणि झाकण हातात घेतलं. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. ते बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल अडकून राहतं. गाडी थोडी चालते आणि बंद पडते. झाकण उघडलं की सगळं ठीक. म्हणजे महिनाभर गाडी माझ्या साफसफाईनं सुरू होत नव्हती. मी आत डोकावायला झाकण उघडत होतो, म्हणून होत होती.

मी झाकणाला तोंड लावून फुंकलं. हवा जाईना. पिन घालून भोक कोरलं. आतून निघालं ते माती किंवा गंज नव्हता. मऊ, पिवळट मेण होतं, आणि त्यात लाल कण होते.

मी ते नखावर घेऊन बघत राहिलो. कपाळाला कुंकू टिकावं म्हणून बायका आधी मेणाचं बोट लावतात. आमच्या आरशाखाली त्याची पितळी डबी असायची. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी ती उघडलेली बघत आलो होतो.

तहसील राहिलं. मी गाडी वळवली. पेठेतून आलो, लोक नेहमीसारखे बाजूला झाले. माझं तिकडं लक्ष नव्हतं.

कौसल्या मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. मी नख तिच्या तोंडापुढं धरलं.

"हे काय आहे?"

तिनं बघितलं. नाही म्हणाली नाही. हातातलं लुगडं तिनं पिळून दोरीवर टाकलं, नीट पसरलं आणि मग म्हणाली, "उन्हानं वितळतं. रोज लावायला लागतं."

मला वाटलं होतं ती रडेल, पाया धरेल. मी त्याच्या तयारीनं आलो होतो.

"हे शिकवलं कुणी तुला?"

"तुम्हीच की. दर दसऱ्याला गाडी धुताना सांगायचात, त्या भोकात काही जाऊ देऊ नको, गेलं तर गाडी चालायची नाही. मी ऐकत होते."

"आणि माझा जीव गेला असता रस्त्यात बंद पडून?"

"बंद पडून कुणाचा जीव जात नाही," ती म्हणाली. "चालली तर जाईल."

मग तिनं मला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. तिची चप्पल पडलीच नव्हती त्या दिवशी. कासाराच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून एक पोरगी डाव्या बाजूनं रस्त्यात आली होती, हातात दुधाची किटली. मला ती दिसली नाही. गाडीच्या पायदानात तिचा परकर अडकला, ती दगडी पायरीवर आपटली आणि मी पुढं निघून गेलो. तिचा हात कोपरातून मोडला. कौसल्या परत गेली ती तिला उचलायला. दवाखान्यात नेलं, हाड बसवेपर्यंत पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"कुणाची पोर?" मी विचारलं.

"बाळू वाघचौरेची. शालन."

मी खाली बघितलं. बोटाला अजून मेण चिकटलेलं होतं.

"तो चौकीत निघाला होता," ती म्हणाली. "मी पदर पसरला त्याच्यापुढं. म्हटलं, त्यांची अब्रू घालवू नका, मी त्यांची गाडी बंद करते, शब्द देते. म्हणून तो गप्प बसला. आणि काल तुम्ही त्याला..."

"मला का नाही सांगितलंस?"

"डोळे दाखवा म्हणाले होते मी दिवाळीत, तर ताटावरून उठलात. दोन दिवस जेवला नाहीत."

"डोळ्यांना काय झालंय माझ्या? पेपर वाचतो मी. जेटचं भोक दिसतं मला!"

"समोरचं दिसतं हो. कडेचं नाही दिसत तुम्हाला. सगळ्या गावाला ठाऊक आहे." पुढचं बोलावं की नाही असं तिचं चाललं होतं. "गाडीचा आवाज आला की बाया पोरांना घरात ओढतात. तुम्हाला वाटतं, मान देतात."

मी तिला हे कधी बोललो नव्हतो. छाती पुढं येते हे तिला मागं बसून कळत असणार.

पुढं नगरच्या डॉक्टरांनी यंत्रातून बघून त्याला काचबिंदू म्हटलं, औषधं दिली, उरली होती तेवढी नजर राखली. पण त्या दुपारी मला हे पटलं नव्हतं. पोरीचं ऐकून मान खाली गेली होती, बाळूचं आठवून जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. तरी आत कुठंतरी एक जण म्हणत होता, बाजाराचा दिवस, गर्दी, पोरगी धावत आली असेल, कुणाच्याही हातून झालं असतं. माणूस स्वतःला फार सांभाळून घेतो.

संध्याकाळी मी बाळूच्या घरी चालत गेलो. कौसल्या येते म्हणाली, मी नको म्हटलं. एसटी स्टँडच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. बाळू नुकताच पंपावरून आला होता, पायरीवर पाय धूत होता. मला बघून त्यानं लोटी खाली ठेवली.

"तहसीलला जाऊन आलात?"

"नाही," मी म्हणालो. "अर्ध्या वाटेतनं परत आलो."

तो समजला. आत या म्हणाला नाही, पण दारातून बाजूला झाला. मी आत जाऊन लोखंडी खुर्चीवर बसलो. समोर भिंतीला टेकून त्याची बायको उभी राहिली, पदर खांद्यावर ओढून. भाषण ठोकत आलेला माणूस मी, कालव्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांना उभं-आडवं झापणारा, पण तिथं एक वाक्य जुळेना.

"काल पंपावर मी जे बोललो," मी सुरुवात केली, "ते सगळं खोटं होतं. उद्या तिथंच, चार लोकांत येऊन सांगतो. पेट्रोल चांगलं होतं म्हणून."

"पेट्रोलचं सोडा, साहेब." बाळूचा आवाज कडक होता. "पेट्रोलसाठी मी गप्प बसलो नव्हतो."

"ठाऊक आहे."

"माझी पोर रात्री दचकून उठते. तुमच्या गाडीचा आवाज आला की पलंगाखाली जाते. आणि तुम्ही माझ्यापुढं बाटली नाचवली."

मी मान हलवली.

"मी गाडी विकतोय," मी म्हणालो. ते मी ठरवून आलो नव्हतो, तिथंच तोंडातून निघालं. "पण त्याआधी मला पोरीला भेटायचंय. तिच्यापुढं बोलायचंय. कुठं आहे ती? खेळायला गेलीय का?"

बाळूच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. बाळू माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरत गेला. तो राग होता तोवर बरं होतं.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "ती मघापासून तुमच्या शेजारीच उभी आहे."

मी मान डावीकडं वळवली. भिंत दिसली, कोनाड्यातली रॉकेलची चिमणी दिसली. आणखी वळवली, पार खांद्यापर्यंत, तेव्हा कुठं ती दिसली. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्यांची, एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातात तिनं माझ्यासाठी पाण्याचा पेला धरला होता. किती वेळ धरला होता कुणास ठाऊक. तिचा हात अवघडला होता आणि पेल्यातलं पाणी हिंदकळत होतं.